मेरी, मारिया आणि मरियम ही एकच नावं आहेत का? आणि आपल्या मरीआईचा त्यांच्याशी काही संबंध?

पहिल्या तिघी एकाच घरातल्या. मरीआईचं घराणं वेगळं. मरी म्हणजे पटकीची साथ. ती गावात शिरू नये म्हणून वेशीवर बसवलेली देवी ती मरीआई. वांद्र्याच्या मोत माउलीपुढे, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या येशूच्या आईपुढे, कोळणी नवस बोलतात, मेणाचे हातपाय वाहतात, जत्रेला तर सगळ्याच धर्मांची झुंबड असते. त्यामुळे गल्लत होते, पण नावांचा संबंध नाही.

मूळ नाव हिब्रू, मिर्याम. मोझेसच्या बहिणीचं. अर्थ कोणी 'कडू' सांगतं, कोणी 'बंडखोर', कोणी 'लाडकी'. पंडितांचं एकमत नाही. बारशाच्या पुस्तकात एकच अर्थ ठासून छापलेला असेल तर फार मनावर घेऊ नका.

ग्रीकमध्ये मारियाम आणि मारिया दोन्ही चालत. लॅटिनमध्ये गंमत आहे: तिथे 'मारियाम' हे 'मारिया'चं द्वितीयेचं रूप, म्हणजे 'मारियाला'. तेव्हा शेवटचा म गळाला तर कुणाला खटकणार? शिवाय रोममध्ये मारियुस घराण्यातल्या मुलींना मारिया म्हणतच, त्यामुळे नाव परकं वाटलंच नाही. पुढे फ्रेंचांनी मारी केलं, इंग्रजांनी मेरी. अरबी, फारसी आणि तुर्कीने मात्र तो म सोडला नाही. कुराणातला १९ वा अध्याय मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्याच, नावाचा, आणि अख्ख्या कुराणात नाव घेऊन उल्लेख आहे तो या एकाच स्त्रीचा. जहांगीरची आई जन्माने राजपूत, पण तिला किताब मिळाला 'मरियम-उझ-झमानी'.

मी भायखळ्याच्या एका शाळेत शिकवायचो. हजेरीपटावर मिरियम, मरियम आणि मारिया तिघीही असायच्या, आणि आपण एकमेकींच्या नावबहिणी आहोत हे त्यांच्या गावीही नसे. मिरियम बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, घरी अस्सल मराठी, आडनाव रायगडातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. मारिया वांद्र्याची. अशी नावं इंग्रजांनी आणली असं पुष्कळांना वाटतं. पण वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये. मुंबई इंग्रजांना आंदण देण्याचा करार झाला १६६१ चा. मधली सव्वाशे वर्षं पोर्तुगीजांच्या मारियाचीच.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते वेगळंच. काही ठिकाणी हे नाव इतकं पवित्र मानलं की मुलींना ठेवायचा धीर होईना. आयर्लंडमध्ये येशूच्या आईसाठी 'मुइरे' राखून ठेवलं आणि पोरीबाळींना 'माइरे' दिलं. स्पेनमध्ये तिची बिरुदंच नावं झाली: दुःखांची मारिया म्हणून दोलोरेस, कृपांची म्हणून मर्सिडीज. हो, तीच मोटार. येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याने १९०० च्या सुमारास आपल्या लेकीचं नाव डाइमलरच्या गाडीला दिलं. आज सी लिंकवरून धावणाऱ्या त्या गाडीच्या नावात एका अर्थी मारियाच दडलेली असते.

आणि आमच्या शाळेतली एक फातिमा चक्क कॅथलिक होती. पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १९१७ मध्ये मारियाने दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे, त्यावरून ठेवलेलं नाव. गावाचं नाव मात्र अरबी.