'अर्थवाद' म्हणजे खोटे विधान नव्हे

प्रश्न असा आहे: एका कीर्तनात पुराणातील एका प्रसंगाविषयी बुवांनी 'हा अर्थवाद आहे, शब्दशः घेऊ नये' असे सांगितले; तर अर्थवाद म्हणजे अतिशयोक्ती, की सरळसरळ असत्य? आणि त्यातल्या 'अर्था'चा पैशाशी काही संबंध आहे काय?

पैशाशी संबंध नाही. येथे 'अर्थ' म्हणजे प्रयोजन. हा पूर्वमीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचा, पारिभाषिक शब्द असून लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रहा'त त्याची व्याख्या 'प्राशस्त्यनिन्दान्यतरपरं वाक्यमर्थवादः', म्हणजे स्तुती किंवा निंदा यांपैकी एकाकडे ज्याचा रोख आहे ते वाक्य, अशी केलेली आहे. या व्याख्येत खरेखोटेपणाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे.

तैत्तिरीय संहितेतले एक उदाहरण पाहू. देवांनी अग्नीजवळ ठेव म्हणून धन ठेवले, ते घेऊन तो पळाला, देवांनी त्याला गाठले तेव्हा तो रडला. त्याचे जे अश्रू गळले त्यांचे रुपे (चांदी) झाले. म्हणून यज्ञात रुपे दक्षिणा म्हणून देऊ नये, जो देतो त्याच्या घरी वर्षाच्या आत रडारड होते. आता अश्रूंपासून धातू होत नाही, हे मीमांसकांनाही ठाऊक होते. या शास्त्राचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनिसूत्रांतला पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, तर उघडच म्हणतो की वेद कर्म सांगण्यासाठी आहे, मग ज्या वाक्यांत कर्म नाही ती निरर्थक ठरतात. त्यावर जैमिनींचे उत्तर असे की ही वाक्ये विधीशी, म्हणजे 'हे करावे' किंवा 'हे करू नये' असे सांगणाऱ्या वाक्याशी, जोडून एकच वाक्य म्हणून वाचावीत. 'रुपे देऊ नये' हा निषेध पाळायचा आहे आणि अश्रूंची कथा त्या निषेधाला बळ देण्यासाठी आलेली आहे, त्यामुळे धातूच्या उत्पत्तीचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

म्हणूनच 'शब्दशः की संदर्भाने' हा प्रश्न मीमांसकांनी सबंध ग्रंथाला एकदम विचारला नाही, वाक्यावाक्याला विचारला. अर्थवादांतही त्यांनी भेद केले. 'आदित्यो यूपः', यज्ञाचा खांब म्हणजे सूर्य, हे प्रत्यक्षाच्या विरुद्ध, म्हणून तेजस्वीपणाच्या गुणावरून घ्यायचे, हा गुणवाद. 'अग्निर्हिमस्य भेषजम्', अग्नी हे थंडीवरचे औषध, हे आपल्याला ठाऊकच असते, तो अनुवाद, म्हणजे ठाऊक गोष्टीचा पुनरुच्चार. आणि इंद्राने वृत्रावर वज्र उगारले यासारखे, ज्याला प्रत्यक्षादी इतर प्रमाणांचा (ज्ञानसाधनांचा) ना विरोध ना दुजोरा, तो भूतार्थवाद. तेव्हा अर्थवाद खराही असू शकतो, हे शब्द वापरणाऱ्याने विसरू नये.

श्रुतीला, म्हणजे वेदाला, परमप्रमाण मानणारे शंकराचार्यसुद्धा गीताभाष्यात (१८.६६) म्हणतात, 'न हि श्रुतिशतमपि शीतोऽग्निरप्रकाशो वेति ब्रुवत् प्रामाण्यमुपैति'. अग्नी थंड आहे किंवा प्रकाशहीन आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. तसे वचन आढळलेच, तर श्रुतीला दुसरा काही अर्थ अभिप्रेत आहे असे मानावे, असे ते पुढे लिहितात. संदर्भाने अर्थ लावणे ही आधुनिकांनी काढलेली पळवाट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाक्य अवश्य वाचावे.

मात्र नावडते वचन दिसले की 'तो अर्थवाद' म्हणून बाजूला सारण्याची मुभा या शब्दाने मिळत नाही. वाक्याचा रोख ठरवायला कसोट्या आहेत: उपक्रम-उपसंहार (आरंभ व शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल, अर्थवाद (स्तुती-निंदा) आणि उपपत्ती (युक्तिवाद). लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच त्या मांडून गीतेचे तात्पर्य त्यांच्या आधारे शोधले. त्यांचा निष्कर्ष कर्मयोगपर निघाला, तो सर्वांना पटला नाही, पण कसोट्या उघड ठेवल्या असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो. भक्तिपरंपरेने तर या शब्दाला एक कुंपणच घातले: हरिनामाच्या महिम्याला अर्थवाद म्हणणे हा दहा नामापराधांपैकी एक मानलेला आहे.

लिहिताना 'अतिशयोक्ती' हा अलंकार आणि 'अर्थवाद' हा वाक्यप्रकार यांची अदलाबदल करू नये. बुवांचे वाक्य शास्त्राला धरून आहे, पण त्यानंतर श्रोत्याने 'मग हा अर्थवाद कोणत्या विधीचा?' असे विचारले, तर त्याचे उत्तर त्यांच्याकडे असले पाहिजे.