‘बेलिफ व्हायचंय’ म्हणे!

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावी कला, ५८ टक्के. उंची १८२ सेंमी, रोज व्यायामशाळेत जातो. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. मागच्या वर्षी कॉलेजात एकाचा दात पाडला, ते आम्ही आपसात मिटवलं. मोबाइलवर त्याने अमेरिकेतला एक व्हिडिओ बघितला. त्यात आरोपी उडी मारून न्यायाधीशांच्या अंगावर जातो आणि कोर्टातली माणसं त्याला दाबून धरतात. तेव्हापासून ‘मला कोर्टात बेलिफ व्हायचंय’ हाच धोशा. मलाही पटलं. गुंडांना आवरायला असाच तापट माणूस लागतो. आमच्या हातचा मार खाऊन तो काही सुधारला नाही, अंगावर वर्दी आली की सरळ होईल. माझं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. तिथे रात्री चार-चार तास वेल्डिंग करत वेळ घालवतो. बेलिफची परीक्षा कोणती? लेखी त्याला जमत नाही, त्याशिवाय मार्ग असेल तर सांगा.
— एक पालक, जि. नागपूर

उत्तर :

नमस्कार भाऊ,

५८ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही. पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी अडखळले. ‘आमच्या हातचा मार खाऊन तो सुधारला नाही.’ मुलगा १९ वर्षांचा. म्हणजे हे बहुतेक परवापर्यंत चालू होतं, कदाचित अजूनही असेल. मारून सुधारला नाही, म्हणून आता सरकारने वर्दी घालून सुधारावा, असं तुमचं गणित दिसतं. पोलीस खातं सुधारगृह नाही, भाऊ. आणि ज्या घरात राग आला की हात उठतो, त्या घरातल्या पोराने कॉलेजात दात पाडला तर तो ते कुठे शिकला, हे तुम्हीच मला सांगा. १८२ सेंमीचा मुलगा एक दिवस तुमचा उगारलेला हात वरच्या वर धरेल. मला परीक्षेपेक्षा त्या दिवसाची जास्त काळजी वाटते.

आता बेलिफ. हा घोळ तुमच्या एकट्याचा नाही, माझ्याकडे हल्ली तीन-चार जणांनी हेच विचारलं. अमेरिकेतल्या बऱ्याच न्यायालयांत दालनाची राखण करणाऱ्या वर्दीतल्या माणसाला बेलिफ म्हणतात. आपल्याकडचा बेलिफ वेगळा. तो दिवाणी न्यायालयाचा कर्मचारी, नाझरच्या, म्हणजे कोर्टाच्या बजावणीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली काम करतो. समन्स आणि नोटिसा घेऊन दुचाकीवर गावोगाव फिरायचं, घरात कुणी नसेल तर दारावर चिकटवायचं, पंच गोळा करायचे, जप्तीचं वॉरंट किंवा ताब्याचा हुकूम बजावायचा आणि अहवाल परत आणून द्यायचा. त्याच्या कमरेला पिस्तूल नसतं, पिशवीत कागद असतात. आरोपीला आवरणं हे त्याचं कामच नव्हे. ते काम पोलिसांचं, आणि त्यासाठी वेगळं पदही नाही. तुरुंगातून आरोपी कोर्टात आणायचा, तारीख झाली की परत पोचवायचा, याला खात्यात कैदी पार्टी म्हणतात. पोलीस मुख्यालयातले शिपाई-हवालदार तिच्यावर जातात. आज कैदी पार्टी, उद्या गणपतीचा बंदोबस्त, परवा कुणाच्या तरी सभेला. त्यात आता न्यायालयीन कोठडी वाढवण्याच्या पुष्कळशा तारखा तुरुंगातूनच व्हिडिओवर होतात. म्हणजे कोर्ट सिक्युरिटी असं करिअर धरून बसण्याजोगं काही नाही.

तो व्हिडिओ मीही पाहिलाय. जानेवारी २०२४, लास वेगास. न्यायाधीश मेरी के होल्थस शिक्षा सुनावत होत्या, प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं सोडणं, द्यायला त्यांनी नकार दिला आणि आरोपीने थेट त्यांच्या टेबलावरून झेप घेतली. तो त्या दिवशी बाहेरून, मोकळाच आला होता. हातात बेडी नव्हती. त्याला आवरणाऱ्यांत न्यायाधीशांचा कारकूनही होता आणि झटापटीत सुरक्षेवरचा मार्शल जखमी झाला. तुमच्या मुलाला त्यात मर्दुमकी दिसली. मला दिसली ती फसलेली सुरक्षा. जमली असती तर तो व्हिडिओ कुणाच्या मोबाइलवर आलाच नसता.

जमलेली कशी असते, तेही सांगते. जमिनीच्या एका वादापायी मी तीन वर्षं एका जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखा मोजल्या. तिथे एक हवालदार यायचे, निवृत्तीला आलेले, पोट सुटलेलं. आरोपीचा हात हातात, बोटांत बोटं गुंतवलेली. दुरून बघणाऱ्याला वाटावं, जुने दोस्त जत्रेला निघालेत. एकदा एका पोराचा जामीन फेटाळला गेला. बाहेर येताच त्याने बाकाला लाथ घातली आणि शिव्या सुरू केल्या. बरोबरच्या तरुण शिपायाचा हात वर गेला. हवालदारांनी काही न बोलता आपला खांदा दोघांच्या मध्ये घातला. बोटं सोडली नाहीत. म्हणाले, “आधी पाणी पी.” मग त्याला भिंतीच्या बाजूला बसवलं, स्वतः जिन्याच्या बाजूला बसले आणि त्याच्या गावाकडच्या पावसाची चौकशी सुरू केली. वीस मिनिटं. पोराची आई डबा घेऊन आली होती. तिला ‘चल निघ’ कुणी म्हटलं नाही. “कोर्टाला विचारतो आई, तोवर इथं बसा,” एवढंच. नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, “ताई, आपला आवाज चढला की त्याचा चढतो.” जागा कशी धरली होती, हे मला घरी गेल्यावर उमगलं. जिना त्यांनी स्वतःच्या पाठीशी ठेवला होता.

बोटांत बोटं का? तर सरसकट बेडी घालता येत नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात हे बजावलं, १९९५ मध्ये पुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत खून, बलात्कार, दहशतवादी कृत्य, संघटित गुन्हेगारी, कोठडीतून पळालेला किंवा सराईत आरोपी अशांसाठी बेडीची मुभा आहे. बाकीच्यांना माणसानेच धरून ठेवायचं. ‘लघुशंकेचा बहाणा करून आरोपी पसार’ ही बातमी तुम्ही वाचली असेल. त्यातला पोलीस बहुतेकदा लगेच निलंबित होतो, आणि निष्काळजीपणा ठरला तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद त्यालाच होऊ शकते. म्हणून संडासाच्या दारात पहारा देणं हाही या नोकरीचा भाग. त्याचे व्हिडिओ निघत नाहीत.

आणि आरोपीपासून इतरांना वाचवणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा, आरोपीला वाचवणं. तुम्ही नागपूरकडचे, १३ ऑगस्ट २००४ तुम्हाला मी काय सांगणार. कस्तुरबानगरचा जमाव आला आणि पोलिसांच्या ताब्यातला गुंड अक्कू यादव न्यायालयातच मारला गेला. त्याने काय काय केलं होतं ते सगळ्या शहराला ठाऊक होतं, पण त्या दिवशी पोलिसांचं काम त्याला जिवंत परत नेणं हे होतं. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ ला वकिलाचे कपडे घालून आलेल्या दोघांनी जितेंदर गोगी या गुंडाला दालनातच गोळ्या घातल्या. ज्याचा आपल्याला संताप येतो, त्याच्याच पुढे उभं राहायचं असतं. तापट माणूस तिथे काय कामाचा? त्याने आरोपीला एक थोबाडीत दिली, तर पाच मिनिटांनी मॅजिस्ट्रेट त्याच आरोपीला विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?”

परीक्षेचं थोडक्यात. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास चालते, पुरुषांना उंची १६५ सेंमी, मैदानी ५० गुण, लेखी १००. कारागृह शिपायाची वाटही साधारण हीच. लेखीला बगल देणारा रस्ता नाही, कुणी पैसे घेऊन दाखवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते ‘आपसात मिटवलेलं’ प्रकरण ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, म्हणून का होईना नोंदलं गेलंय का, हे तपासा. चारित्र्य पडताळणीच्या वेळी लपवलेली गोष्ट सांगितलेल्या गोष्टीपेक्षा महागात पडते.

पण यंदा अर्ज भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी रागाचं बघा. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत जा, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर आधी बोला, मराठीतही बोलता येतं. वेडाच्या डॉक्टरकडे का, असं आजी म्हणेल. म्हणू द्या. आणि तिथे एकट्या मुलाला ढकलू नका, खुर्ची तुमच्यासाठीही मागून घ्या. मारणं आजपासून बंद. यावर मी वाद घालणार नाही.

आणखी एक. रात्री चार-चार तास वेल्डिंग करत ‘वेळ घालवतो’ असं तुम्ही लिहिलंय. तापट पोरगं चार तास काचेआडून एका ठिणगीकडे बघत राहतं, हात हलू देत नाही, आणि तुम्हाला तो वाया गेलेला वेळ वाटतो? त्याने वेल्डरच व्हावं, असं मी म्हणत नाही. आयटीआयचा वर्षभराचा ट्रेड आहे, हवा तर चौकशी करा. पण तिथे त्याला राग का येत नाही, हे त्याला एकदा विचारलंत का? ओरडून नव्हे, शेजारी बसून.

कोर्टच बघायचं असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात त्याला एक दिवस जाऊ द्या. सुनावणी सहसा खुली असते, मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायला कुणी हरकत घेत नाही. आरोपीकडे नको, त्याचा हात धरून बसलेल्या माणसाकडे बघ म्हणावं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एवढं बसून त्याला अजूनही तेच काम हवं असेल, तर मला पुढचं पत्र त्याने लिहावं. तुम्ही ते वाचू नका.