तुरुंगात जाऊन माणूस सुधारतो का?

तुरुंगाचा खरंच उपयोग होतो का आणि आत नेमकं काय चालतं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जवळच्या नात्यातल्या एकाला तीन वर्षांची शिक्षा झाली आहे आणि ‘आत राहून सुधारेल’ असं घरचे म्हणतात, हेही लिहिलंय. मी काही वर्षं एका तुरुंगात कैद्यांना लिहा-वाचायला शिकवायला जात होते. तिथे पाहिलेलं आणि नंतर वाचलेलं सांगते. कायद्यातलं मला फारसं कळत नाही, तेव्हा अपील वगैरे वकिलालाच विचारा.

आधी आतलं. सिनेमात दाखवतात तशी मारामारी रोज होत नसते. रोज असतो तो रिकामा वेळ. सकाळी गिनती, मग संडासाची रांग, नळाची रांग, जेवणाची रांग, पुन्हा गिनती, आणि दिवस मावळायच्या सुमारास बराक बंद. तिथून सकाळपर्यंत तेच छत, तीच माणसं आणि रात्रभर जळणारा दिवा. डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायची सवय होते म्हणे. माणसं क्षमतेपेक्षा जास्त कोंबलेली असली की कूस बदलायची तर शेजाऱ्याला हलवावं लागतं.

आत पैसा चालत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. चालतो, फक्त तो साबण, तंबाखू आणि फोनवरची मिनिटं अशा रूपात चालतो. ज्याला घरून पैसे येतात त्याचे कपडे, ज्याला येत नाहीत तो धुतो. कोणत्या कैद्याला भेटायला कुणीच येत नाही, हे आठवडाभरात सगळ्या बराकीला कळलेलं असतं, आणि टोळीवाले बरोबर त्याच्याच शेजारी येऊन बसतात. आपुलकीने बोलतात, साबण देतात. ‘आतमध्ये बिघडला’ असं आपण म्हणतो त्याची सुरुवात बहुतेक वेळा एवढी साधी असते.

आमच्या वर्गात शार्पनर न्यायला बंदी होती, कारण त्यात पातं असतं. मी घरूनच पेन्सिलींना टोक करून न्यायची आणि निघताना मोजून परत घ्यायची. याची मला लवकर सवय झाली. सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. एक पन्नाशीचे गृहस्थ होते. बाहेर असताना ट्रकांचा धंदा सांभाळलेला, हाताखाली माणसं. वहीचं पान भरलं की ते हात वर करून विचारायचे, “मॅडम, पान उलटू?” मी सांगून थकले की विचारायची गरज नाही. पण उठायचं कधी, खायचं काय, दिवा बंद कधी, घरी बोलायचं किती मिनिटं, हे सगळं वर्षानुवर्षं दुसऱ्यानेच ठरवलं की स्वतः ठरवायची सवयच मोडते. आणि सुटल्या दिवसापासून आपण त्याच माणसाकडून अपेक्षा करतो की त्याने प्रत्येक निर्णय शहाणपणाचा घ्यावा. माझ्या मते तुरुंगाचं अपयश इथे आहे. आतल्या सोयी जास्त की कमी, हा वाद त्यापुढे किरकोळ आहे.

आता उपयोगाचं. माणूस आत आहे तोवर तो बाहेर कुणाचं घर फोडणार नाही, एवढं काम तुरुंग नक्की करतो. काही माणसांच्या बाबतीत तेवढंही पुरे असतं आणि त्यांना आतच ठेवावं याबद्दल मला शंका नाही. (कैद्यांना शिकवणारी बाई म्हणजे सगळ्यांना सोडा म्हणणारी, असा समज असतो म्हणून सांगितलं.) पण नशेचा माल विकणारा आत गेला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. शिवाय चोऱ्यामाऱ्या आणि हाणामाऱ्यांचा जोर विशीच्या आगेमागे सर्वांत जास्त असतो, पुढे वयाबरोबर तो ओसरतो. त्यामुळे शिक्षा फार लांबवली की शेवटची काही वर्षं आपण गुडघे धरून चालणाऱ्यांवर पहारा ठेवत बसतो. जरब बसते ती पकडले जाऊ या खात्रीची. पाचाची सात वर्षं केल्याने फारसा फरक पडत नाही, यावर गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. चोरी करायला निघालेला माणूस कलमं वाचून निघत नाही.

सुधारणेच्या बाबतीत चित्र निराशेचं आहे. २०२१ साली ११६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. तुरुंगात पाठवलेले एकीकडे आणि देखरेख वगैरे शिक्षा देऊन बाहेरच ठेवलेले दुसरीकडे, अशी ती तुलना. तुरुंगामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही, उलट किंचित वाढलेलंच दिसलं. अमेरिकेत २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्या चार लाखांवर कैद्यांचा नऊ वर्षं माग ठेवला, तेव्हा त्यातले ४४ टक्के पहिल्याच वर्षात आणि ८३ टक्के नऊ वर्षांत पुन्हा एकदा तरी पकडले गेले. याच्या शेजारी नॉर्वेचा २० टक्क्यांचा आकडा ठेवायची फॅशन आहे. ती तुलना सरळ नाही: एक आकडा अटकेचा आणि नऊ वर्षांचा, दुसरा दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होण्याचा.

तरी नॉर्वेत काय करतात ते बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्य गेलं हीच शिक्षा, बाकीचं जगणं जमेल तितकं बाहेरच्यासारखं असावं, असं तिथलं तत्त्व आहे. २०१० साली सुरू झालेला हाल्डनचा तुरुंग कडक सुरक्षेचा आहे, खुनाची शिक्षा झालेलेही तिथे असतात. पण खिडक्यांना गज नाहीत आणि कैदी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करू शकतात. पहारेकऱ्यांना दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं.

हे श्रीमंतांचे चोचले वाटत असतील तर औंध संस्थान आठवा. तिथल्या राजांच्या पाठिंब्याने आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भोवती तुरुंगाची भिंत नाही, कैदी शेती करतात, बायकामुलांसह राहतात. पुढे एक गाजलेला हिंदी चित्रपटही याच प्रयोगावरून सुचला. अशा ठिकाणी निवडून माणसं पाठवतात, त्यामुळे हा उपाय प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण आज पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं हे रोज स्वतः ठरवणारा माणूस पान उलटायला परवानगी मागणार नाही.

आणखी एक गोष्ट चर्चेत सहसा येत नाही. जगभरच्या कैद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचा खटला अजून संपलेलाच नाही. भारतात २०२२ च्या सरकारी आकडेवारीत असे कच्चे कैदी तब्बल तीनचतुर्थांश होते. अनेक ठिकाणी काम आणि प्रशिक्षण पक्क्या कैद्यांना मिळतं, कच्चे नुसते तारखेची वाट बघत बसतात. गुन्हाच सिद्ध झालेला नसताना त्यांनी सुधारायचं कशातून?

आता तुमच्या माणसाबद्दल. तो सुधारेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण तुमच्या हातात काही आहे. भेटायला जात राहा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोळा हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला होता. ज्यांना भेटायला कुणी येत होतं त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांच्या घरचे येतात ते मुळात बरे असतात, असा आक्षेप घेता येईल. संशोधकांनी तो हिशेबात धरायचा प्रयत्न केला होता. मला विचाराल तर ज्याला भेटायला कुणी येतं, त्याला दुसऱ्याच्या साबणाची गरज पडत नाही, एवढं कारण पुरे आहे. मुलाकातीत सगळा वेळ पैसे आणि वकील यातच जातो. घरातले छोटे निर्णय त्याला विचारा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं इथपासून. त्याचं मत चुकीचं वाटलं तरी ऐका.

सुटकेच्या आधी ओळखपत्रं, बँकेचं खातं, झोपायची जागा एवढं तयार ठेवा आणि सुटकेचा वार कोणता ते बघा. शुक्रवारी दुपारी सुटलेल्याला दोन दिवस सगळी कार्यालयं बंदच सापडतात. या एकाच अडचणीसाठी ब्रिटनमध्ये २०२३ साली कायदा करून अशांना एक-दोन दिवस आधी सोडायची सोय केली.

नशेची सवय होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा मृत्यूचा धोका या काळात इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट निघाला, आणि त्याचं मुख्य कारण नशेचा अतिरेक होतं. आत असताना शरीराची सवय सुटलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. डॉक्टरांची वेळ सुटकेच्या आधीच घेऊन ठेवा, त्याच आठवड्यातली.