अमेरिकन गाण्यांच्या व्हिडिओत वर्णभेद आणि तुरुंगवास प्रतीकांतून कसा दाखवतात?

मी धुळ्याचा. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे गाणं थांबवून थांबवून बघायची सवय आहे. बेड्या, गज, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कळतात, पण त्यापलीकडे काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, गज सोडा आणि माणसाचं अंग बघा. त्याला कोण कसा हात लावतंय, ते बघा.

चाइल्डिश गॅम्बिनो या अमेरिकन रॅपरचं २०१८ चं ‘धिस इज अमेरिका’ हे गाणं घ्या. दिग्दर्शकाचं नाव हिरो मुराई. रिकाम्या गोदामात खुर्चीवर एक माणूस गिटार वाजवतोय. थोड्या वेळाने तोच डोक्यावर पिशवी घातलेला दिसतो आणि गॅम्बिनो त्याला मागून गोळी घालतो. आता इथे थांबवा. एक पोरगा लाल कापड घेऊन येतो, पिस्तूल त्यात अलगद घेतो, देवाचा टाक न्यावा तसं जपून नेतो. मेलेल्याला मात्र फरफटत नेतात. गोळी झाडताना गॅम्बिनो कसा उभा आहे तेही बघा: कंबर वाकडी, गुडघा मुडपलेला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे, त्यातल्या जिम क्रो नावाच्या पात्राची ती ढब. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांनाही हेच नाव पडलं.

मायकल जॅक्सनच्या ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’चे स्पाइक लीने १९९६ मध्ये दोन व्हिडिओ केले. एक तुरुंगातला, त्यात कैदी जेवणाच्या टेबलांवर मुठी आपटतात. दुसरा ब्राझीलचा, आणि मला तो जास्त भिडतो. त्यातला बराच भाग साल्व्हादोर शहरातल्या पेलोरिन्यो भागात, ओलोदुम या ढोलपथकासोबत आहे. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. तिथे आज ढोल वाजतोय. हे ठाऊक झाल्यावर ठेका वेगळाच ऐकू येतो.

साखळीचंही तसंच. रॅपर केंड्रिक लमार २०१६ च्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात साखळदंडांत मंचावर आला. अमेरिकेत १८६५ च्या १३व्या घटनादुरुस्तीने गुलामी गेली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून राबवून घ्यायची वाट उघडी राहिली. म्हणून ती साखळी गुलामाचीही असते आणि कैद्याचीही.

हे सगळं मला आमच्याच एका शूटिंगमुळे नीट उमगलं. गाण्यात चोर हवा होता. बघ्यांत एक सावळा पारधी पोरगा होता. कोणीतरी म्हणालं, “हाऊच शोभी.” म्हणजे हाच शोभेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कपडे बदलायचीही गरज वाटली नाही कोणाला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, पण त्या दिवशी शेताच्या बांधावर तो मला अजून चालू दिसला. मी तिथे गप्प राहिलो, ते सलतं.

रात्री फुटेज बघताना दिसलं, ‘कट’ झाल्यावर सगळे चहाला वळले, कॅमेरा चालूच राहिला. तो पोरगा तसाच उभा होता, हात पाठीमागे, मान खाली, कोणी सोडेपर्यंत हलायचं नाही अशा बेताने. आठ-दहा सेकंद. मी ते गाण्याच्या शेवटी जोडले. निर्मात्याने काढायला लावले. ती क्लिप माझ्याकडे अजून आहे.