जानवं चालतं, मग आरती का नाही?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये आपला धर्म कुठवर चालतो याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग आलाय. पुण्या-नाशकातल्या वाचकांसाठी आधीच सांगते, तिथे पब्लिक स्कूल म्हणजे फुकटची सरकारी शाळा, आपल्याकडच्यासारखी भरमसाठ फीवाली नाही, तेव्हा गोंधळू नका. तीन पत्रं घेतेय. मी वकील नाही, न्यू जर्सीत बरीच वर्षं बदली टीचर म्हणून काम केलंय आणि असल्या भांडणांत मधे पडायची सवय आहे, एवढंच.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी तिसरीत आहे. दिवाळीबद्दल वर्गात येऊन काही दाखवाल का असं टीचरनेच विचारलं. मी एकदम जोरात तयारी केली, रांगोळी, पणत्या, चकल्या, लक्ष्मीची छोटी मूर्ती, आणि शेवटी सगळ्या मुलांकडून टाळ्या वाजवत आरती म्हणून घ्यायची. आदल्या रात्री ईमेल आला की बाकी सगळं छान पण मुलांना हात जोडायला लावू नका आणि आरतीही नको. मला फार लागलं हो. डिसेंबरात शाळेत ख्रिसमस ट्री असतो तो चालतो का? नागपूरहून सासरे आलेत, ते म्हणतात आम्ही दरवर्षी शाळेत सरस्वतीपूजन केलं, कुणाचं काय बिघडलं?

उत्तर : अगं, टीचरचं बरोबर आहे, राग नको मानूस. तिथला सगळा कायदा फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतो, की हे कोण करतंय, मूल आपणहून करतंय की शाळा करून घेतेय. तुझ्या लेकीने डब्बा उघडायच्या आधी डोळे मिटून 'वदनी कवळ' म्हटलं तर तिला कुणी अडवू शकत नाही. चित्रकलेच्या तासाला 'माझा आवडता सण' म्हणून लक्ष्मी काढली तरी नाही. पण टीचरच्या बोलावण्यावरून, शाळेच्या वेळात, वीस मुलांना ओळीत उभं करून आरती म्हणून घेतली की ती तुझी आरती राहत नाही, शाळेची होते.

१९६२ साली न्यूयॉर्कच्या शाळांमधली प्रार्थना सुप्रीम कोर्टाने बंद केली ना, ती अवघी २२ शब्दांची होती, कुठल्याही एका पंथाची नव्हती, आणि ज्याला नको त्याने गप्प बसावं अशी सोयसुद्धा होती. तरी कोर्ट म्हणालं, सरकारने प्रार्थना लिहून द्यायचीच नाही. पुढच्याच वर्षी रोजचं बायबलवाचनही गेलं. म्हणजे हे आपल्याविरुद्ध आहे असं मनात आणू नकोस, आधी त्यांचं स्वतःचंच गेलंय.

आणि गंमत म्हणजे तुझ्या न्यू जर्सीतच पूजेवरून केस झालीये. १९७५-७६च्या सुमारास तिथल्या पाच हायस्कूलमध्ये महर्षी महेश योगींचं ध्यान हा ऐच्छिक विषय म्हणून सुरू झाला. यात धर्म नाही, सायन्स आहे असं सांगत होते. पण मंत्र मिळण्याआधी एका पूजेला हजर राहायचं, ती शाळेबाहेर आणि रविवारी, येताना फळं, फुलं, रुमाल आणायचा, आणि शिक्षक महर्षींच्या गुरूंच्या, म्हणजे गुरुदेवांच्या, फोटोपुढे संस्कृतात स्तोत्र म्हणणार. कोर्टाने त्या संस्कृतचं इंग्रजी भाषांतर वाचलं आणि म्हणालं, ही तर पूजा आहे. १९७७ला कोर्स बंद, १९७९ला अपिलातही तेच. आपल्यापैकी कुणीही फोटो, फुलं आणि फळं बघून हेच म्हटलं असतं, नाही का!

आता ट्री. १९८९ला पिट्सबर्गची एक केस झाली, शाळेची नाही पण उपयोगी आहे. कोर्टहाउसच्या जिन्यात गव्हाणीतल्या बाळ येशूचा देखावा होता, तो नको ठरला, आणि दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ट्रीशेजारी ज्यूंचा मेनोरा, म्हणजे त्यांच्या सणाचा दिवा, होता तो चालला. हे तर्कशास्त्र मला स्वतःला थोडं लंगडंच वाटतं, ट्री काय आकाशातून पडला का, पण आहे ते असं आहे. तुझ्या हिशोबात आकाशकंदील, रांगोळी, फराळ हे ट्रीच्या बाजूला आणि आरती गव्हाणीच्या बाजूला. मूर्ती 'आम्ही घरी हिची पूजा करतो' असं सांगत दाखवायला हरकत नाही, फक्त तिच्यापुढे मुलांना वाकवायचं नाही. (आणि चकल्या नेण्याआधी नट अॅलर्जीचं विचार बाई, ती भानगड आरतीपेक्षा मोठी आहे. चिवडा तर नेऊच नकोस.)

एक मात्र बोलतेच. आपल्या मंडळांच्या ग्रुपवर डिसेंबरात 'शाळेत ख्रिसमसची गाणी का' म्हणून आगपाखड करणारे आणि ऑक्टोबरात 'आमची आरती का नाही' विचारणारे बरेचदा तेच चार जण असतात.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. आपल्या घटनेतही कलम २८ आहेच, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. आणि १९८६ साली आपल्याच सुप्रीम कोर्टाने केरळच्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं, यहोवाज विटनेस या ख्रिश्चन पंथाची मुलं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण म्हणायची नाहीत. अमेरिकेत १९४३ला ह्याच पंथाच्या मुलांनी झेंड्याला सॅल्यूट करायला नकार दिला होता, तिथेही निकाल मुलांच्या बाजूने. 'काय बिघडलं' म्हणाल तर, माझ्या वर्गात एक मुलगी होती, सरस्वतीपूजनाच्या दिवशी दरवर्षी तिचं पोट दुखायचं. आम्ही तिला चिडवायचो, चौथी ते सातवी. पोट का दुखायचं ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही टेक्सासमध्ये. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन मुलाची मुंज केली, वय ११. त्याच्याच हट्टाने जानवं घालतो आणि छोटी शेंडीपण ठेवलीये. पीटीच्या तासाला कपडे बदलताना कोच म्हणाले की दागिने अलाउड नाहीत, हे काढ, आणि ड्रेस कोडमध्ये मुलांच्या केसांचाही नियम आहे. भांडावं की सोडून द्यावं?

उत्तर : भांडू नका, लिहा. बहुतेक वेळा कोचला ते काय आहे हेच माहीत नसतं, त्याला दोरा दिसतो. प्रिन्सिपॉलना साधा ईमेल टाका की हा दागिना नाही, धार्मिक चिन्ह आहे, मुलगा श्रद्धेने घालतो, नियमातून सूट हवी. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या राज्यात बाजू भक्कम आहे. टेक्सासने १९९९ साली धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा केलाय, कुणाच्या धर्माचरणात सरकारला आडवं यायचं असेल तर तसंच सबळ कारण दाखवावं लागतं. ह्याच कायद्यावर २०१०ला नीडव्हिल गावच्या शाळेची केस झाली. आदिवासी अपाची वंशाचा केजीतला पोरगा, लांब केसांच्या वेण्या घालायचा, शाळा म्हणाली वेणी शर्टात खुपस. अपील कोर्टात शाळा हरली. वेण्या राहिल्या तर तुमच्या बोटभर शेंडीचं काय घेऊन बसलात!

एक अपवाद. कुस्ती वगैरेत दोरा गळ्याला अडकायची भीती खरी आहे, तिथे कोच टेप लाव, टीशर्टच्या आत घट्ट ठेव म्हणाला तर ऐका. कॅलिफोर्नियात शीख मुलांच्या कृपाणावरून असंच झालं होतं १९९०च्या दशकात, शेवटी धार बोथट करून, म्यान शिवून, कपड्याच्या आत ठेवायचं अशा अटींवर परवानगी मिळाली. आणि पोराला एकदा एकट्यात विचारा की त्याला खरंच घालायचंय ना. कायदा त्याच्या श्रद्धेला सांभाळतो, तुमच्या हौसेला नाही.

प्रश्न : हाय मावशी, मी अकरावीत आहे, हंट्सव्हिल, अलाबामा. (टायपिंग आजीचं.) शाळेत बायबल क्लब आहे, चेस क्लब आहे. मला हिंदू स्टुडंट्स क्लब काढायचाय तर ऑफिसमधून सांगितलं की रिलिजस क्लब नवीन घेत नाही. असं करता येतं?

उत्तर : नाही येत गं. १९८४चा इक्वल अॅक्सेस अॅक्ट आहे, अभ्यासाशी संबंध नसलेला एक जरी क्लब हायस्कूलमध्ये चालू असेल तर बाकीच्यांना धर्माच्या कारणाने नाही म्हणता येत नाही. ओमाहाच्या एका मुलीने ख्रिश्चन क्लबसाठी हीच लढाई लढली आणि १९९०ला सुप्रीम कोर्टात जिंकली, तिथेही चेस क्लब होताच बघ. म्हणजे तिच्या बायबल क्लबने तुझ्या क्लबचं दार उघडून ठेवलंय. फॉर्म भर, आणि नाही म्हणाले तर लेखी मागून घे.

अटी अशा की क्लब मुलांनीच चालवायचा, अभ्यासाचे तास सोडून, आणि टीचर नुसते लक्ष ठेवायला बसणार, त्यात भाग घेणार नाहीत. तुमच्या अलाबामाची तर कमालच आहे, तिथे शाळांमधला योगा १९९३पासून बंद होता, २०२१ला परत आणला तोही पालकांची सही घेऊन, आसनांची नावं इंग्रजीत, आणि 'नमस्ते' म्हणायला कायद्यानेच मनाई! पण तो शाळेने शिकवलेला योगा. तुझ्या क्लबात तुम्ही पोरं एकमेकांना दिवसभर नमस्ते म्हणा, कोण अडवतंय.

बाहेरच्या मोठ्यांनी क्लब चालवायचा नाही किंवा नेमाने येऊन बसायचं नाही असंही त्या कायद्यात आहे. तेव्हा आजींना सांग, एखाद्या वेळी पाहुण्या म्हणून जा, दर शुक्रवारी डबा घेऊन नाही.