एचूकाला जावं का, आणि तिथे इतिहास तरी काय?

"मेलबर्नहून एक दिवसासाठी एचूकाला जावं का? दीडशे वर्षांच्या गावाला इतिहास तरी काय असणार?" यातलं दुसरं वाक्य वाचून लिहायला बसलो. आमचे साडू अगदी हेच म्हणतात. शनिवारवाड्यानंतरचं सगळं त्यांना कालचं वाटतं.

मी एचूकात राहतो, म्हणजे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर सीमेवर, मरे नदीकाठच्या गावात. ऑक्टोबर 2022 मध्ये मरे नदी चढायला लागली तेव्हा गावातूनच मातीचा तात्पुरता बांध घातला. आमचं घर बांधाच्या आत राहिलं, समोरच्यांचं बाहेर. वाळूच्या गोण्या भरताना सगळ्यांची कंबरडी मोडली. आमच्या दाराशी गोण्या रचायला समोरचेच आले होते, आपलं घर पाण्यात जाणार हे माहीत असून! आणि साडूंचा फोन: "एवढ्याशा नदीला कसला रे पूर?" त्यांनी ती उन्हाळ्यात पाहिलेली. अहो, मग रेड गमच्या (निलगिरीच्या जातीच्या झाडाच्या) लाकडाचा इथला बोटी लागायचा धक्का मजल्यावर मजले चढवून हौसेने बांधलाय का? पाणी कित्येक मीटर वरखाली होतं, आणि कुठल्याही पातळीला बोट लागली पाहिजे.

गाव वसवणारा हेन्री हॉपवूड हा शिक्षा होऊन आलेला कैदी. माणसं-सामान नदीपार नेणारी नाव चालवायचा. मेलबर्नची रेल्वे 1864 मध्ये आली, पुढच्या वर्षी धक्का झाला. डार्लिंग नदीकाठची लोकर वाफेवरच्या, चाकाच्या बोटींनी इथे उतरायची आणि रेल्वेने मेलबर्नला जायची. भरभराटीत धक्का सव्वातीनशे मीटरहून जास्त लांब होता. पुढे रूळ आतपर्यंत गेले, मग बोटीने माल कोण आणतो? धंदा बसला. 1866 ची 'अ‍ॅडलेड' बोट मात्र अजून आहे.

आणि दीडशे वर्षं मोजायची कुठून? योर्टा योर्टा हे इथले मूळनिवासी लोक या काठावर हजारो वर्षांपासून आहेत. 1939 मध्ये नदीपलीकडच्या कमरगंजा या मूळनिवाशांच्या वसाहतीतली दीडशेहून जास्त माणसं तिथल्या जाचाला कंटाळून नदी ओलांडून व्हिक्टोरियात निघून आली. शनिवारवाडावाल्यांना हे कोणी सांगायचं?

तेव्हा जा. बोटीत तासभर बसा, पण जवळच्या बार्माचं रेड गमचं जंगल चुकवू नका. जानेवारीत नको, पारा चाळिशी ओलांडतो. रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्याच, आणि बार्माला स्वतःची गाडी लागतेच. खरं तर एका दिवसात ओढाताण होईल, रात्रीचा मुक्काम करा. साडूंनी सगळं गाव दोन तासांत उरकलं होतं, त्यातला एक तास जेवणात.