हातातोंडाशी आलेला सामना: हॉकीप्रेमींचे प्रश्न आणि उत्तरे

एका गोलाने हरलेल्या सामन्याचा राग दोन-दोन दिवस जात नाही. प्रो लीग या आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या लांब हंगामात तर असे पराभव एकामागोमाग येतात. या वेळी निवडलेले प्रश्न त्याच रागातून आलेले आहेत आणि तो राग आम्हाला रास्त वाटतो. तो नेमका कशावर काढावा, एवढेच ठरवायचे आहे.

प्रश्न: जून २०२५ मध्ये युरोपात आपला पुरुष संघ सलग सात सामने हरला. जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच गोलाचा फरक. याला नशीब म्हणायचे की नालायकी?

दोन्ही शब्द बाजूला ठेवा आणि आधी निकाल बघा. नेदरलँड्सविरुद्ध १-२ आणि २-३, अर्जेंटिनाविरुद्ध ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही वेळा २-३, मग बेल्जियमविरुद्ध ३-६. सातपैकी सहा पराभव एका गोलाचे. दुसऱ्याच दिवशी त्याच बेल्जियमला आपण ४-३ ने हरवले. नालायक संघाच्या हातून असे होत नाही. पण सहाच्या सहा वेळा नशीबच आडवे आले, हेही पटण्यासारखे नाही.

एकही सामना कोरडा गेला नाही, आपण प्रत्येकात गोल केला. गळती बचावात होती. पहिल्याच सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना नेदरलँड्सचा विजयी गोल ५८ व्या मिनिटाला आला. दोन मिनिटे तग धरला असता तर किमान एक गुण मिळाला असता.

तेव्हा पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा. पानाचे चार आडवे भाग करा, प्रत्येक १५ मिनिटांच्या सत्राला एक. प्रत्येक भागात दोन्ही संघांच्या चार गोष्टी मोजा: डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) चेंडू किती वेळा नेला, गोलच्या दिशेने फटके किती, पेनल्टी कॉर्नर (डीतल्या बचावाच्या चुकीमुळे समोरच्यांना मिळणारी गोलची ठरावीक संधी) किती, कार्डे किती. गोल खाल्ला की शेजारी लिहा, त्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत चेंडू कुठे आणि कसा गमावला. आपण डीमध्ये समोरच्यांपेक्षा दुप्पट वेळा शिरूनही हरलो, तर दोष शेवटच्या फटक्याचा. पहिल्या तीन सत्रांत बरोबरीने शिरकाव होता आणि चौथ्यात आपला आकडा एकदम खाली आला, तर आपण आघाडी किंवा बरोबरी राखायला मागे सरकलो. निसटत्या पराभवांत आम्हाला हे दुसरे चित्र अधिक वेळा दिसते.

प्रश्न: शेवटच्या पाच मिनिटांतच गोल का बसतो? खेळाडू दमतात का?

दमणूक असतेच, पण हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. आघाडीचे खेळाडू काही मिनिटे धावून बाहेर येतात आणि ताजे होऊन परत जातात. त्यामुळे सगळे खापर दमणुकीवर फोडता येत नाही.

खरी अडचण माघारीत आहे. एका गोलाची आघाडी मिळाली की पूर्ण संघ आपल्या २३ मीटरच्या रेषेमागे गोळा होतो. चेंडू मिळाला तरी पुढे द्यायला कोणी नसते, म्हणून बचावपटू तो लांब, बहुतेकदा हवेतून, भिरकावतो. तो थेट समोरच्यांच्या मोकळ्या बचावपटूकडे जातो आणि अर्ध्या मिनिटात परत आपल्या डीवर येऊन आदळतो. प्रत्येक शिरकावात एक धोका दडलेला असतो: डीमध्ये बचाव करणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला की पेनल्टी कॉर्नर. समोरचे त्या वेळी गोलपेक्षा पायच शोधत असतात. डीत दाटीवाटीने आठ-नऊ जण उभे असले की पायही तितकेच जास्त.

यावर तोडगा आहे. एक आघाडीपटू कायम मध्यरेषेजवळ ठेवायचा, म्हणजे समोरच्या दोघांना मागे थांबावे लागते. चेंडू मिळाला की तो बाजूच्या रेषेकडे न्यायचा, तिथे साइडलाइन किंवा फ्री हिट मिळवायची आणि घड्याळ पळू द्यायचे. हे टीव्हीवर कंटाळवाणे दिसते आणि प्रेक्षक ओरडतात, पण ५५ व्या मिनिटानंतर यापेक्षा चांगली हॉकी नसते.

प्रश्न: सात-आठ पेनल्टी कॉर्नर मिळूनही एकच गोल, कधी तोही नाही. आपल्या हरमनप्रीतसारखा ड्रॅग-फ्लिकर (कॉर्नरवर चेंडू काठीने ओढत गोलकडे भिरकावणारा) असून असे कसे?

चार-पाच कॉर्नरमागे एक गोल झाला तरी जाणकार ते चांगले मानतात. त्यामुळे आठात एक म्हणजे कमी, पण आकाश कोसळलेले नाही. मात्र कॉर्नर कुठे फसला हे ओळखता आले पाहिजे. त्याचे तीन टप्पे असतात आणि आपण सगळेच शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाला बोल लावतो.

पहिला टप्पा चेंडू आत देणाऱ्याचा. तो गोलच्या जवळच्या खांबापासून किमान १० मीटरवर, मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो. तो सपाट आणि वेगात गेला पाहिजे. किंचित उसळला की पुढच्याचे काम अवघड. दुसरा टप्पा थांबवणाऱ्याचा. चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर फटका मारता येत नाही, म्हणून तो रेषेच्या अगदी लगत, बाहेर, मेल्यासारखा थांबायला हवा. इंचभर घरंगळला तरी फ्लिकरचे पाऊल चुकते. मग तिसरा टप्पा फ्लिकचा. पहिला फटका हिट (काठी फिरवून मारलेला) असेल तर तो गोलच्या तळाच्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच जाऊन चालत नाही. फ्लिकला ती मर्यादा नाही, आणि फ्लिकरची किंमत तिथेच आहे.

समोर गोलरक्षक धरून पाच जण असतात. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. त्या पाचांपैकी पहिला धावणारा चेंडू हलताक्षणी फ्लिकरच्या अंगावर येतो. तो चेंडू अडवेलच असे नाही, पण त्याच्या धावण्याने गोलची एक बाजू झाकली जाते आणि गोलरक्षकाला दुसरीच बाजू सांभाळावी लागते. चेंडू आत देण्यापासून फटक्यापर्यंत जेमतेम दीड-दोन सेकंद मिळतात. पहिले दोन टप्पे पाव सेकंदाने लांबले तर धावणारा तेवढे पुढे आलेला असतो आणि उत्तम फ्लिकही त्याच्या काठीवर किंवा गुडघ्यावर आपटते.

रिप्ले लागला की चेंडूकडे न बघता त्या पहिल्या धावणाऱ्याकडे बघा. तो दर वेळी एकाच वाटेने येत असेल आणि आपण दर वेळी थेट फ्लिकच मारत असू, तर चूक आखणीची. अशा वेळी चेंडू बाजूच्या दुसऱ्या फ्लिकरकडे सरकवायचा, किंवा आत देणाऱ्यालाच खांबाजवळ पोहोचवून त्याच्या काठीने दिशा बदलायची. असे डाव फसले की ‘थेट मारायचे सोडून काय नखरे’ अशी ओरड होते. ती ओरड चुकीची आहे. एखादा डाव फसला तरी पुढच्या कॉर्नरला तो धावणारा क्षणभर थबकतो, आणि फ्लिकरला तेवढेच हवे असते.

प्रश्न: रेफरल (व्हिडिओ पंचाकडे दाद मागण्याची संधी) पहिल्याच सत्रात का उडवतात? शेवटी ढळढळीत पाय लागला तेव्हा मागायला रेफरल उरलेला नव्हता.

संघाला एकच रेफरल असतो. बरोबर ठरला तर तो कायम राहतो, चूक ठरला तर गेला. चित्रणातून काहीच सांगता येत नसेल तरीही तो कायम राहतो. तो मागता येतो गोल, पेनल्टी स्ट्रोक (एकट्या गोलरक्षकासमोर मारायचा फटका) आणि २३ मीटरच्या आतल्या पेनल्टी कॉर्नरसंबंधीच्या निर्णयासाठी. मैदानाच्या मध्यावरच्या फाउलसाठी नाही.

गडबड होते ती बहुधा विचारण्यात. पंचाला नेमका प्रश्न सांगावा लागतो: ‘अमुक बचावपटूच्या पायाला चेंडू लागला का?’ खेळाडू धापा टाकत येतो, रागात असतो आणि ‘काहीतरी लागले’ एवढ्यावर हात उंचावतो. ज्याच्या पायाला लागले असे वाटते, त्याच्या सर्वांत जवळच्या आपल्या खेळाडूला आधी विचारायचे, आणि त्याने ठामपणे हो म्हटले तरच मागायचे. पहिल्या सत्रातल्या अर्ध्यामुर्ध्या शंकेवर रेफरल खर्चणे ही शिस्तीची चूक आहे. त्यावर चिडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न: हरतच आहोत तर गोलरक्षक बाहेर काढून काय मिळते? वर रिकाम्या गोलमध्ये आणखी एक खातो!

त्याच्या जागी अकरावा मैदानी खेळाडू येतो आणि समोरच्यांच्या अर्ध्या भागात आपला एक माणूस वाढतो. आता अशा खेळाडूला गोलरक्षकाचे अधिकार नसतात, म्हणजे पायाने चेंडू अडवता येत नाही. शिवाय त्या वेळी आपल्यावर पेनल्टी कॉर्नर आला तर तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही, म्हणून गोलरक्षकाला परत बोलावता येत नाही. धोका मोठा आहे, पण बाद फेरीत एक गोलाने हरणे आणि दोनने हरणे सारखेच.

प्रश्न: मग लीगमध्येही ते सारखेच का नाही?

कारण तिथे तक्ता आहे. प्रो लीगमध्ये नऊ संघ, प्रत्येकाचे १६ सामने. विजयाला ३ गुण. बरोबरी झाली तर दोघांना एकेक आणि शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकाला चकवायची निर्णायक फेरी) जिंकणाऱ्याला आणखी एक. गुण सारखे झाले तर आधी जिंकलेले सामने, मग गोलफरक.

२०२४-२५ च्या हंगामात आपल्या पुरुषांनी फेब्रुवारीत भुवनेश्वरच्या ८ सामन्यांत १५ गुण मिळवले होते. जूनच्या ८ सामन्यांत फक्त ३. एकूण १८ गुण आणि आठवे स्थान, शेवटून दुसरे. ते सहा निसटते सामने नुसते बरोबरीत सुटले असते तरी किमान ६ गुण वाढले असते. त्याच हंगामात आपला महिला संघ तळाला राहिला आणि नेशन्स कप या खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत उतरला. हंगाम लांब असला तरी त्यातला कुठलाच सामना सोडून देण्याजोगा नसतो.

गोलफरकाचा चटका तर २०२३ च्या विश्वचषकात बसला. गटात इंग्लंड आणि भारत दोघांचे ७ गुण. वेल्सला इंग्लंडने ५-० हरवले, आपण ४-२. इंग्लंड थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले आणि आपल्याला न्यूझीलंडशी जादा सामना खेळावा लागला. त्यात ३-१ अशी आघाडी असताना ३-३ झाले आणि शूटआउटमध्ये आपण ४-५ असे बाहेर पडलो. वेल्सविरुद्ध खाल्लेल्या त्या दोन गोलांकडे त्या रात्री फार कमी जणांनी लक्ष दिले होते.

प्रश्न: हिरव्या कार्डाची दोन मिनिटे एवढी महाग पडतात का?

पडतात. हिरवे दोन मिनिटांचे, पिवळे किमान पाच, लाल म्हणजे उरलेला सामना. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास १७ व्या मिनिटाला लाल कार्डावर बाहेर गेला आणि आपण चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांत काढून, १-१ नंतर शूटआउट ४-२ ने जिंकलो. पण तो अपवाद. तिथे श्रीजेश गोलमध्ये होता आणि संघाने पुढे जायचा मोह आवरला होता. चौथ्या सत्रातले निष्काळजी हिरवे कार्ड वहीत ठळक लिहा.

प्रश्न: घरातली मुले आता सामने बघायला नको म्हणतात. मित्रमंडळींत रोज ‘प्रशिक्षक हटवा’ चालते. काय सांगावे?

मुलांना टोकियो ऑलिंपिकचे दोन निकाल सांगा. गटात ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा पराभव, आणि त्याच स्पर्धेच्या शेवटी जर्मनीला ५-४ हरवून कांस्य. मग त्यांच्या हाती ती वही द्या. डीमधले शिरकाव मोजायचे काम दहा वर्षांचे मूल उत्तम करते, आणि मोजायला बसलेले मूल निकाल लागेपर्यंत उठत नाही.

प्रशिक्षकाबद्दल: २०२३ च्या विश्वचषकानंतर ग्रॅहम रीड यांनी पद सोडले, क्रेग फुल्टन आले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला कांस्य मिळाले. म्हणजे बदलाने कधी फायदा होतो. पण जून २०२५ च्या सात पराभवांनंतर फुल्टन यांना ठेवले, आणि सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आपण आशिया चषक आणि विश्वचषकाची जागा मिळवली. न बदलण्यानेही फायदा होतो. मागणी करायचीच असेल तर ‘हटवा’ म्हणण्याऐवजी हे विचारा: शेवटच्या दहा मिनिटांत आघाडी राखण्याचा सराव संघ करतो का, आणि हरमनप्रीत बाकावर असताना कॉर्नर कोण घेणार?